ठिणगीचा माग काढा
(जुनी पेट्रोल मोटार सुरू होत नसेल तर घरच्या घरी काय पाहावे – भाषणाचा मजकूर)



आजचा विषय पिकाचा नाही की खताचा नाही, पण तुमच्या वाड्यातलाच आहे. पुष्कळांच्या गोठ्याशेजारी एखादी जुनी अ‍ॅम्बॅसडर, पद्मिनी नाहीतर पेट्रोलवरची जीप उभी असते. पद्मिनी २००० सालाच्या सुमारास निघायची थांबली, अ‍ॅम्बॅसडर २०१४ साली थांबली. तरी या गाड्या अजून भाजीच्या पाट्या बाजारात पोचवतात, पाहुण्यांना स्टँडवरून आणतात आणि अडीअडचणीला दवाखानाही गाठून देतात. पण नेमकी गरज पडते तेव्हाच गाडी रुसते. मग काय करायचं?

एक पाहिलेली गोष्ट सांगतो. आषाढातली रात्र होती आणि पाऊस लागून राहिलेला. आमच्या शेजारच्या वाडीत एका सुनेच्या पोटात कळा सुरू झाल्या. दारात अ‍ॅम्बॅसडर उभी होती. किल्ली फिरवली, सेल्फ जोरात फिरला, पण इंजिन काही धरेना. घरातल्या मंडळींचा जीव वर-खाली होत होता. त्यांनी सेल्फ मारला, पुन्हा मारला, इतका मारला की बॅटरीच बसली. शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवत अंथरून, वर ताडपत्री धरून तिला नेली. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली हे नशीब. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्याने डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढले, आतून कोरड्या फडक्याने पुसले, दुसरी बॅटरी लावली आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली.

म्हणजे बिघाड दोन मिनिटांचा होता. तो कुठे आहे हे न पाहता सेल्फ मारत राहिल्यामुळे त्याचे दोन बिघाड झाले. आज १०८ ची रुग्णवाहिका आहे आणि अशा वेळी आधी तिला फोन करावाच. पण घरची गाडीही हुकमी असली पाहिजे.

तेव्हा आज सांगायची गोष्ट एकच आहे. अंदाजाने भाग बदलू नका. बॅटरीपासून प्लगपर्यंत ठिणगीचा माग काढत चला. पाटाचे पाणी शेवटच्या वाफ्यात पोचत नसेल तर आपण पाटाच्या कडेने चालत जातो आणि कुठे फुटले ते बघतो. तसेच हे आहे.

ही माहिती पॉइंट आणि कॉइल असलेल्या जुन्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. नव्या गाड्यांत हे काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते, तिला हात लावू नये.

वीज कोणत्या वाटेने जाते?

बॅटरी १२ व्होल्टची असते. तिची वीज किल्लीच्या स्विचमधून कॉइलमध्ये येते. कॉइलमधून ती डिस्ट्रिब्यूटरच्या आतल्या पॉइंटकडे जाते. इंजिन फिरते तसे हे पॉइंट उघडतात आणि मिटतात. ते ज्या क्षणी उघडतात, त्या क्षणी कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा झटका तयार होतो. तो जाड वायरीने डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणात येतो. आत फिरणारा रोटर त्याला एकेका प्लगच्या वायरीवर पोचवतो आणि प्लगच्या फटीत ठिणगी पडते. पॉइंटशेजारी कंडेन्सर नावाची एक लहान डबी असते. पॉइंट जळू नयेत आणि ठिणगी जोरदार पडावी हे तिचे काम.

एवढी वाट डोळ्यांसमोर राहिली की निम्मे काम झाले.

आधी सावधगिरी

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, चाकाखाली दगड लावा. जवळपास विडी, चूल, कंदील नको. पेट्रोलचा वास येत असेल किंवा कार्ब्युरेटर गळत असेल तर ठिणगीची परीक्षा मुळीच करू नका, आधी गळती थांबवा. बॅटरीतूनही पेट घेणारा वायू निघतो, म्हणून तिच्याजवळ ठिणगी पाडू नये. धोतराचा सोगा, उपरणे, साडीचा पदर पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब ठेवा. जाड वायर नुसत्या हाताने धरू नका, रबरी मुठीच्या पकडीने धरा. तिचा झटका जबर असतो. छातीत पेसमेकर बसवलेल्या माणसाने या कामाजवळ उभेही राहू नये. आणि बंद खोलीत इंजिन चालवू नका, धुराने जीव जातो.

हत्यारे थोडीच लागतात : पाने, पेचकस, पक्कड, फिलर गेज, बारीक पॉलिश पेपर, कोरडे सुती फडके, एक जादा चांगला प्लग आणि दोन वायरी जोडलेला १२ व्होल्टचा लहान बल्ब. हा बल्ब म्हणजे आपला डॉक्टर समजा.

पायरी पहिली : सेल्फ कसा फिरतो?

किल्ली फिरवली आणि नुसते 'टक्' झाले, किंवा सेल्फ रडत-रडत फिरला, तर आधी बॅटरी पाहा. पुढचे दिवे लावा आणि सेल्फ मारा. दिवे अगदी मालवले तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचे क्लॅम्प ढिले आहेत. क्लॅम्पवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर ते सोडवा. आधी गाडीच्या अंगाला जोडलेली अर्थची वायर सोडवावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. बहुतेक गाड्यांत ऋण टोक अंगाला असते, फार जुन्या काही गाड्यांत धन टोक असते. म्हणून काढण्याआधी खूण करून ठेवा. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून बुरशी धुवा, पण ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडे करा, घट्ट बसवा आणि वरून थोडे व्हॅसलीन लावा.

इंजिन आणि चासी यांना जोडणारी एक चपटी विणलेली पट्टी असते. ती तुटली किंवा गंजली तरी सेल्फ रडतो. बॅटरी चांगली असूनही पुष्कळांची नवी बॅटरी या पट्टीपायी घेतली जाते.

मीटर असेल तर पाहा. उभ्या गाडीत भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या आसपास असेल तर ती उतरली आहे. इंजिन चालू असताना सुमारे १४ व्होल्ट दिसले पाहिजेत. ते दिसत नसतील तर बॅटरी भरलीच जात नाही.

तुम्ही म्हणाल, धक्का मारू की! धक्क्याने इंजिन फिरते हे खरे, पण ठिणगीची वीज बॅटरीतूनच यावी लागते. बॅटरी अगदी मेलेली असेल तर सारी आळी दमेल आणि गाडी तिथेच राहील. हँडल मारायची वेळ आली तर अंगठा चारी बोटांच्या बाजूलाच ठेवा, मुठीला वेढा घालू नका, आणि हँडल खालून वर ओढा. उलटा झटका बसला तर मनगट मोडते.

पायरी दुसरी : ठिणगी आहे की नाही?

सेल्फ झकास फिरतो पण इंजिन धरत नाही, अशा वेळी ही परीक्षा करावी. एका प्लगची वायर काढा आणि आपला जादा प्लग तिला लावा. प्लगचे लोखंडी अंग इंजिनाच्या स्वच्छ धातूला टेकवा, कार्ब्युरेटरपासून दूर. इंजिनावरचे प्लग जागेवरच राहू द्या, कारण ते काढले तर भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. आता दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा.

निळी, जाड, 'तट् तट्' वाजणारी ठिणगी पडली तर वाट बरीचशी मोकळी आहे. पिवळी-तांबडी, बारीक पडली तर ती अशक्त आहे. पडलीच नाही, तर कॉइलकडून झाकणाच्या मध्यभागी येणारी जाड वायर झाकणातून उपसा. तिचे टोक इंजिनाच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरा आणि सेल्फ मारा. इथे चांगली ठिणगी पडली तर दोष पुढे म्हणजे झाकण, रोटर किंवा प्लगच्या वायरींत आहे. इथेही पडली नाही तर दोष मागे म्हणजे कॉइल, पॉइंट, कंडेन्सर किंवा स्विचकडे आहे.

एका परीक्षेत अर्धी गाडी निर्दोष सुटते. म्हणून ही पायरी कधी चुकवू नये.

पायरी तिसरी : झाकण, रोटर आणि वायरी

पावसाळ्यात निम्म्या तक्रारी इथे असतात. झाकणाच्या दोन क्लिपा सोडवा. आत दव धरले आहे का पाहा. कोरड्या सुती फडक्याने आतून-बाहेरून पुसा, वायरीही पुसून काढा. मग झाकण उजेडात धरून निरखा. पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर तिथून वीज पळते. असे झाकण बदलावे, पुसून भागत नाही. मधला कार्बनचा लहान दांडा जागेवर आहे ना, स्प्रिंगवर आत-बाहेर होतो ना, तेही पाहा. रोटरला तडा असेल तर तोही बदला.

गाडी चालू होते पण अडखळते, एक सिलिंडर मारत नाही, अशी तक्रार असेल तर रात्री अंधारात बोनेट उघडून चालत्या इंजिनाकडे नुसते पाहा. वायर फुटलेली असेल तर तिथे निळसर ठिणग्या नाचताना दिसतील. हात लावू नका.

प्लगच्या वायरी एका वेळी एकच काढा. सगळ्या एकदम काढल्या की क्रम चुकतो. अ‍ॅम्बॅसडर, पद्मिनी आणि जुनी चार सिलिंडरची जीप, तिघींचा क्रम १-३-४-२ असा आहे. रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने हा क्रम झाकणावर मोजायचा.

पायरी चौथी : बल्ब लावून पाहणे

मधल्या वायरीवर ठिणगी नसेल तर बल्बची एक वायर इंजिनाच्या धातूला लावा. किल्ली चालू करा आणि दुसरी वायर कॉइलच्या स्विचकडच्या टोकाला लावा. बल्ब लागला नाही तर वीज कॉइलपर्यंत आलेलीच नाही. स्विच, फ्यूज असल्यास तो, आणि तिथवरची वायर तपासा.

लागला, तर आता बल्ब डिस्ट्रिब्यूटरकडे जाणाऱ्या टोकाला लावा आणि सेल्फ मारायला सांगा. बल्ब लुकलुकला पाहिजे. पॉइंट उघडले की लागतो, मिटले की विझतो.

सतत लागून राहिला, तर पॉइंट मिटूनही वीज पुढे जात नाही. ते जळाले आहेत, मळले आहेत, किंवा आतली बारीक वायर तुटली आहे.

लागलाच नाही, तर डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी बारीक वायर कॉइलवरून सोडवा आणि त्याच टोकाला बल्ब पुन्हा लावा. आता लागला तर डिस्ट्रिब्यूटरच्या आत वीज अंगाला चिकटली आहे. पॉइंटखालच्या फायबरच्या चकत्या चुकीच्या बसल्या असतील किंवा कंडेन्सर आतून बसला असेल. तरीही लागला नाही तर कॉइल तुटली आहे.

पायरी पाचवी : पॉइंट आणि कंडेन्सर

झाकण आणि रोटर काढल्यावर पॉइंट दिसतात. तोंडे काळी असतील तर पॉलिश पेपरने हलकेच घासा आणि नंतर स्वच्छ जाड कागद मधून ओढून भुकटी काढा. एका तोंडावर खड्डा आणि दुसऱ्यावर टेंगूळ असेल तर नवा जोड घालणेच बरे.

आता इंजिन हळू फिरवून पॉइंट जास्तीत जास्त उघडतील तिथे थांबवा आणि फट मोजा. अ‍ॅम्बॅसडरला ती साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर लागते. मिस्त्री लोक त्याला चौदा ते सोळा थाऊ म्हणतात. इतर गाड्यांचे माप थोडे वेगळे असते, ते गाडीच्या पुस्तकात पाहावे. स्क्रू ढिला करून फट बसवा, स्क्रू आवळा आणि पुन्हा मोजा, कारण आवळताना फट हलते. पॉइंटच्या टाचेखालच्या कॅमला ग्रीसचा कणभर बोट लावा. जास्त लावले तर ते उडून पॉइंटवर बसते आणि गाडी पुन्हा बंद पडते.

ही टाच झिजत जाते तशी फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. मग गाडी चढावर दमते, तापते, पेट्रोल जास्त खाते. पुष्कळदा लोक इंजिन उतरवायच्या गोष्टी करतात आणि दोष असतो टाचेच्या झिजेत.

नवे पॉइंट थोड्याच दिवसांत जळत असतील, आणि सेल्फ मारताना त्यांच्यामध्येच मोठी ठिणगी दिसत असेल, तर कंडेन्सरवर संशय घ्या. घरी त्याची एकच परीक्षा, चांगला कंडेन्सर लावून पाहणे.

पायरी सहावी : कॉइल

कॉइलची एक खोड आहे. सकाळी गाडी चांगली सुरू होते, पाच-दहा कोस जाते आणि तापली की बंद पडते. तासाभराने पुन्हा सुरू होते. हे पेट्रोलच्या नळीत वाफ धरल्यानेही होते. दोन्हीत भेद कसा करायचा? गाडी बंद पडताच, ती गार व्हायच्या आत, ठिणगी पाहा. ठिणगी चांगली असेल तर दोष पेट्रोलचा आहे. ठिणगी नसेल तर कॉइल किंवा कंडेन्सर तापून दगा देतो आहे. मीटर असेल तर वायरी काढून कॉइलच्या दोन लहान टोकांमधला रोध मोजा, साधारण ३ ओहम येतो. मात्र गार कॉइल बरोबर दाखवूनही तापल्यावर फसवू शकते.

इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवू नका. पॉइंट मिटलेले असले तर कॉइल तापत राहते आणि बॅटरीही उतरते.

पायरी सातवी : प्लग काय सांगतो?

प्लग काढण्याआधी भोवतीची धूळ फुंकून टाका, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. प्लगचे तोंड विटकरी-तपकिरी असेल तर इंजिन सुखी आहे. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते, चोकही अडकलेला असू शकतो. तेलकट काळे असेल तर तेल वर चढते आहे. पांढरेफटक असेल तर इंजिन फार तापते.

प्लग पेट्रोलने ओला असेल तर तो पुसून वाळवा. चोक आत ढकला, अ‍ॅक्सिलरेटर खालपर्यंत दाबून धरा, वर-खाली करू नका, आणि सेल्फ मारा. फट बहुतेक जुन्या गाड्यांना ०.६ मिलिमीटरच्या आसपास लागते. गेज नसेल तर लोखंड कापायच्या हाताच्या हॅकसॉच्या पात्याची पाठ साधारण तेवढीच जाड असते. दात्यांची बाजू मोजू नका, दाते वाकडे असतात. फट कमी-जास्त करताना बाहेरचा वाकडा पाय वाकवावा, मधल्या दांड्याला जोर देऊ नये. प्लग आधी हाताने बसवा आणि शेवटी पाना लावा. हाताने जात नसेल तर आटे चुकले आहेत, काढून पुन्हा लावा.

ठिणगी चांगली, प्लग कोरडे, तरी गाडी धरत नाही? मग पेट्रोल पोचते का ते पाहा. तो वेगळा विषय आहे, पण निदान दोष ठिणगीत नाही एवढे तुम्हाला नक्की कळलेले असेल.

हे पाळा, हे टाळा

मृग लागण्याआधी झाकण, वायरी आणि प्लग तपासून घ्या. दर पाच हजार किलोमीटरला पॉइंटची आणि प्लगची फट मोजा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये अर्धा मिनिट थांबा. तीनदा मारूनही गाडी धरली नाही तर चौथ्यांदा मारू नका, बोनेट उघडा. इंजिनावर पंपाच्या पाण्याचा झोत मारू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि गाडी सुरू होते का पाहा, नाहीतर दोष कशात होता ते कळत नाही. जुना भाग चांगला ठरला तर तो जपून ठेवा.

या गाड्यांचे भाग आता प्रत्येक तालुक्याच्या दुकानात मिळतील असे नाही. म्हणून पॉइंटचा एक जोड, एक कंडेन्सर, एक रोटर, दोन प्लग, फिलर गेज, बल्ब आणि कोरडे फडके एका पत्र्याच्या डब्यात घालून तो डबा गाडीतच ठेवा. डब्याच्या झाकणाला आतून हे पत्रक चिकटवा.

आणि एक काम या आठवड्यात जरूर करा. दिवसाउजेडी, घाई नसताना, चालू गाडीवर ठिणगीची परीक्षा एकदा करून पाहा. घरातल्या मुलामुलींना शेजारी उभे करून दाखवा. चांगली ठिणगी कशी दिसते हे डोळ्यांना ठाऊक असले, तरच आषाढातल्या रात्री बॅटरीच्या उजेडात वाईट ठिणगी ओळखता येते.